वाचकांचे प्रश्न : लूथरन शाळेतल्या बाई, चार मुलांची आई आणि त्यांचा जीवनवृत्तांत

अमेरिकेतल्या नेब्रास्कात स्थायिक झालेल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं होतं. त्यांच्या सासूबाई तिथल्या लूथरन (मार्टिन लूथरच्या परंपरेतल्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांच्या) शाळेत शिक्षिका आणि चार मुलांच्या आई. त्यांच्या स्मरणपुस्तिकेतला जीवनवृत्तांत लिहायचं काम घरच्यांनी या मराठी सुनेवर सोपवलं. सदरात त्याचा ओझरता उल्लेख झाला आणि पाठोपाठ तशाच अडचणींची पत्रं आली : कुणाची मावशी, कुणाच्या मुलीची सासू, कुणाला शिकवलेल्या बाई. निवडक प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र देत आहोत.

प्रश्न : सासूबाईंची निधनवार्ता दहा ओळींची छापली गेली. आता शाळेतल्या स्मरणसभेसाठी सविस्तर मजकूर हवा आहे. नातेवाईक जे पाठवतात ते सगळं ‘प्रेमळ होत्या, देवभीरू होत्या, मुलांवर जीव होता’ असंच. सुरुवात कुठून करू आणि किती लिहू?

विशेषणांचे कागद आधी बाजूला ठेवा. ती कोणत्याही बाईंना लागू पडतात, त्यांतून तुमच्या सासूबाई ओळखू येणार नाहीत. एक आडवा कागद घ्या आणि पाच रकाने आखा : साल, त्या वर्षीचं वय, राहण्याचं ठिकाण, काम, पुरावा. जन्मापासून मृत्यूपर्यंत प्रत्येक वर्षाला एक ओळ. निम्म्या ओळी रिकाम्या राहतील. राहू द्या, विचारायच्या प्रश्नांची यादी त्याच देतात. वयाचा रकाना अनेकांना फालतू वाटतो, पण चुका तोच पकडतो. ‘सोळाव्या वर्षी शिकवायला लागली’ अशी घरात आख्यायिका असते आणि कागद काढले की विसावं निघतं.

लूथरन बाईंच्या आयुष्याचा सांगाडा मंडळीच्या (म्हणजे एका चर्चच्या सभासदांच्या समूहाच्या) नोंदवहीत बहुधा तयारच असतो : बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न, दफन. त्यातलं दृढीकरण मराठी वाचकाच्या नजरेतून सुटतं. साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी, लूथरन शाळेत आठवीच्या सुमारास, मूल सर्व मंडळीसमोर आपल्या विश्वासाची कबुली देतं. त्या दिवशी पाळक (पाद्री) प्रत्येकाला बायबलमधलं एक वचन देतात आणि ते प्रमाणपत्रावर लिहिलेलं असतं. ते वचन शोधाच. बायका ते जन्मभर पाठ ठेवतात, आणि अंत्यविधीतला उपदेश पुष्कळदा त्याच वचनावर होतो. वृत्तांतात ते त्यांच्या चौदाव्या वर्षाच्या जागी येऊ द्या. शेवटी सजावटीसारखं टाकलं की त्याचा जोर जातो.

वर्गासाठी दोन ठिकाणी शोधा. पहिलं ठिकाण म्हणजे त्यांचं ‘प्लॅन बुक’. अमेरिकन शिक्षक आठवड्याचं नियोजन एका रुंद वहीत लिहितात : उघडलेल्या दोन पानांवर सोमवार ते शुक्रवार, आणि प्रत्येक तासाला एक चौकोन. लूथरन शाळेत पहिला तास बहुधा धर्मशिक्षणाचा. त्या चौकोनात पाठांतर नेमलेलं सापडतं : लूथरच्या १५२९च्या लहान प्रश्नोत्तरीतला (श्रद्धेची मूळ शिकवण प्रश्नोत्तरांत देणाऱ्या पुस्तिकेतला) एखादा भाग, एखादं वचन, गीताचं एक कडवं. आठवड्यातल्या एका चौकोनात ‘चॅपेल’, म्हणजे शाळेची सामूहिक उपासना, असते. मुख्य मजकुरापेक्षा समास जास्त बोलतात. कोणाला पुन्हा वाचून दाखवायचं, कोणाचा चष्मा अजून आलेला नाही, कोणाचं पाठांतर मधल्या सुट्टीत ऐकायचं, हे शिसपेन्सिलीने तिथे टिपलेलं असतं. अशा तीन नोंदी जशाच्या तशा घेतल्या, फक्त मुलांची नावं गाळली, की ‘विद्यार्थ्यांकडे वैयक्तिक लक्ष देत’ हे वाक्य लिहायची गरज उरत नाही.

दुसरं ठिकाण माजी विद्यार्थी. ‘बाई कशा होत्या?’ असं विचारलं की ‘छान होत्या’ एवढंच हाती लागतं. वस्तू आणि कृती विचारा. तुमचं बाक कुठे होतं? पाठांतर अडलं तर बाई काय करायच्या? फळ्याच्या कोपऱ्यात कायम काय लिहिलेलं असायचं? एका खोलीत किती इयत्ता होत्या? लहान मंडळीच्या शाळेत दोन-तीन इयत्ता एकत्र असायच्या, एकशिक्षकी शाळेत आठही. एक इयत्ता बाईंसमोर वाचत असताना बाकीच्यांच्या हाती काय दिलेलं असायचं, यात बाईंचं खरं कसब असतं आणि त्याबद्दल कोणी आपणहून सांगत नाही. शेवटचा प्रश्न ठरलेला ठेवा : नाताळच्या आदल्या संध्याकाळच्या उपासनेत तुम्हाला कोणती ओळ दिली होती? लूथरन शाळेची मुलं तेव्हा लूकच्या शुभवर्तमानातली जन्मकथा मंडळीपुढे म्हणतात. सत्तरीतली माणसंही आपली ओळ धडाधड म्हणून दाखवतात, आणि त्यामागोमाग बाईंनी ती कशी बसवून घेतली तेही येतं.

लांबी : पुस्तिकेसाठी १,२०० शब्द पुरतात. बालपण आणि दृढीकरण १५०, प्रशिक्षण १५०, वर्ग ४००, घर ३००, निवृत्तीनंतरचं १५०, शेवट आणि मागे राहिलेले ५०. सहसा नेमकं उलट होतं : बालपणावर पाचशे शब्द खर्च होतात आणि तीस वर्षांच्या शिकवण्याला एक परिच्छेद मिळतो, कारण बालपणीच्या गोष्टी भावंडांकडून आयत्या येतात आणि वर्गाच्या गोष्टींसाठी चार घरी फोन करावे लागतात.

प्रश्न : मावशींची शाळा बंद पडून बरीच वर्षं झाली. कागदपत्रं कुठे मिळतील?

प्रथम एवढं नक्की करा की शाळा कोणत्या लूथरन संस्थेशी जोडलेल्या मंडळीची होती. अमेरिकेत ‘लूथरन’ म्हणजे एकच संस्था नव्हे. मंडळीने चालवलेल्या प्राथमिक शाळांची परंपरा सर्वांत घट्ट मिसुरी सिनॉडमध्ये (सिनॉड म्हणजे मंडळ्यांचा संघ; स्थापना १८४७) आणि विस्कॉन्सिन सिनॉडमध्ये. १९८८ साली तीन संस्था मिळून झालेली इव्हँजेलिकल लूथरन चर्च इन अमेरिका ही तिसरी संस्था. चुकीच्या संस्थेकडे पत्र गेलं तर ‘आमच्याकडे नोंद नाही’ असं सौजन्याचं उत्तर येतं आणि लोक तिथेच शोध सोडतात.

शाळा बंद झाली तरी मंडळी बहुधा चालू असते, आणि हजेरीपट, शाळा समितीची इतिवृत्तं तिच्याच कपाटात असतात. मंडळीही विसर्जित झाली असेल तर नोंदवह्या शेजारच्या मंडळीकडे, सिनॉडच्या विभागीय कार्यालयाकडे किंवा मध्यवर्ती संग्रहाकडे जातात. मिसुरी सिनॉडचा संग्रह म्हणजे सेंट लुईसची कॉन्कॉर्डिया हिस्टॉरिकल इन्स्टिट्यूट. इव्हँजेलिकल लूथरन चर्च इन अमेरिकाचा संग्रह इलिनॉयमधल्या एल्क ग्रोव्ह व्हिलेजला आहे.

प्रशिक्षणाचे कागद महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी विभागाकडे मागा. मिसुरी सिनॉडचं शिक्षक विद्यालय १८६४ साली इलिनॉयमधल्या ॲडिसनला सुरू झालं आणि १९१३ साली रिव्हर फॉरेस्टला हललं. नेब्रास्कातलं सुअर्डचं विद्यालय १८९४चं. विस्कॉन्सिन सिनॉडच्या शिक्षिका बहुधा मिनेसोटातल्या न्यू अल्मच्या. तिथली वार्षिकं चाळा. वर्गाच्या फोटोखाली नाव, गाव आणि गायनवृंद, नाट्यमंडळ अशी ओळ असते. लूथरन शिक्षकाला ऑर्गन किंवा गायन यावं अशी अपेक्षा जुनी आहे. त्यामुळे मावशी ऑर्गन वाजवत असतील तर मंडळीच्या रविवारच्या पत्रिकांतही त्यांचं नाव शोधा.

मागणीपत्रात लग्नाआधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही पूर्ण नावं, जन्मतारीख, मंडळीचं नाव, गाव, काउंटी आणि अंदाजे वर्षं द्या, तुमचं नातं लिहा आणि एका पत्रात एकच गोष्ट मागा. ‘जे असेल ते सगळं पाठवा’ असं लिहिलेली पत्रं गठ्ठ्याच्या तळाशी जातात.

दोन नावांची गोष्ट मजकुरातही पाळा. लग्नाआधी शिकलेल्यांसाठी त्या ‘मिस’ अमुक, नंतरच्यांसाठी ‘मिसेस’ तमुक. शीर्षकात एकच नाव दिलं तर अर्ध्या विद्यार्थ्यांना कळतही नाही की हे आपल्याच बाईंबद्दल आहे.

प्रश्न : सासूबाईंच्या फाइलमध्ये ‘कॉल’ची तीन पत्रं सापडली. दोन त्यांनी परत केलेली दिसतात. नोकऱ्या नाकारल्या असं लिहावं का?

तसं लिहू नका, वाचणाऱ्या लूथरन लोकांना खटकेल. मिसुरी आणि विस्कॉन्सिन सिनॉडच्या परंपरेत शिक्षकाला मंडळी पाचारण करते आणि मंडळीच्या तोंडून देवच बोलावतो अशी त्यामागची श्रद्धा आहे. मंडळीच्या सभेत मतदान होतं, लेखी कॉल जातो, आणि शिक्षक हातातलं काम न सोडता काही आठवडे प्रार्थनापूर्वक विचार करतो. दोन्हीकडच्या लोकांशी बोलतो, मग एक कॉल स्वीकारतो आणि दुसरा सन्मानाने परत करतो. परत केलेला कॉल म्हणजे ‘माझं काम अजून इथेच आहे’ असा निर्णय. म्हणून ती दोन पत्रंही मोलाची. तारीख बघा आणि त्या सुमाराला घरात काय चाललं होतं ते वर सांगितलेल्या पाच रकान्यांच्या कागदावर ताडून पाहा. आजारी सासरे, नुकतं झालेलं बाळ, निम्म्यावर आलेलं शालेय वर्ष असं काहीतरी कारण बहुधा शेजारच्या ओळीतच सापडतं. सापडलं नाही तर कल्पनेने भरू नका, ‘कॉल परत केला आणि त्याच शाळेत राहिल्या’ एवढं पुरे.

सगळ्या शिक्षिका कॉलवर नसत. काही वर्षाच्या करारावर असत, आणि एकाच बाईंच्या आयुष्यात दोन्ही प्रकार येऊ शकतात. फरक केवळ मानाचा नाही. २०१२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मिशिगनमधल्या एका लूथरन शाळेच्या खटल्यात एकमताने ठरवलं की कॉलवरची ती शिक्षिका कायद्याच्या दृष्टीने धर्मसेवकच होती, त्यामुळे नोकरीतल्या भेदभावाचा तिचा दावा चालणार नाही. सासूबाईंच्या कागदावर जो शब्द असेल तोच वापरा.

प्रश्न : आजीच्या पेटीत जर्मनमधले कागद आहेत, अक्षर लागत नाही. ती तर अमेरिकेतच जन्मली होती.

त्यात नवल नाही. मिसुरी सिनॉड जर्मन स्थलांतरितांनी उभा केला, आणि काही खेड्यांत मंडळीच्या नोंदी १९३०च्या दशकापर्यंत जर्मनमध्ये होत होत्या. शाळांतली जर्मन मात्र पहिल्या महायुद्धाने मोडली. नेब्रास्काने १९१९ साली आठवी पूर्ण होण्याआधी मुलांना परकी भाषा शिकवायला बंदी केली. १९२०च्या मे महिन्यात हॅम्प्टनच्या झायन लूथरन शाळेतले शिक्षक रॉबर्ट मेयर एका मुलाकडून जर्मनमधली बायबलकथा वाचून घेताना सापडले आणि त्यांना २५ डॉलर दंड झाला. ते लढले, आणि १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी कायदा रद्द ठरवला. आजी त्या काळात शाळेत असेल तर वर्गात एक भाषा आणि घरात दुसरी असं तिचं बालपण गेलं असणार. हा संदर्भ दोन ओळींत द्या, खटल्याचा निबंध नको.

छापील जर्मन गॉथिक वळणाची असते, ती सरावाने लागते. हस्ताक्षराचं जुनं वळण आजच्या जर्मन माणसालाही वाचता येत नाही, तिथे जाणकार गाठावा लागतो. नोंदवहीत नेहमी येणारे शब्द थोडेच आहेत : गेबोरेन म्हणजे जन्म, गेटाउफ्ट बाप्तिस्मा, कॉन्फिर्मिर्ट दृढीकरण, गेट्राउट लग्न, गेश्टॉर्बेन मृत्यू, बेग्राबेन दफन. जन्माच्या तारखेपुढे चांदणी आणि मृत्यूच्या तारखेपुढे क्रूस अशी खूण अनेक ठिकाणी दिसते.

तारखांत मोठा घोळ होतो. जर्मन नोंद आपल्यासारखीच दिवस, महिना, वर्ष अशी. अमेरिकन कागद महिना आधी लिहितो. ४/७/१९३८ हे अमेरिकन दाखल्यावर सात एप्रिल, आणि आपण सहज चार जुलै वाचतो. शिवाय जुन्या जर्मन नोंदीत ७ आकड्याला ‘बेर’ जोडलेलं असेल तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. ८ला जोडलं तर ऑक्टोबर. पुस्तिकेत महिना नेहमी अक्षरी लिहा. दफनाची तारीख मृत्यूच्या आधीची निघाली किंवा बाप्तिस्मा जन्माआधी झालेला दिसला, तर निम्म्या वेळा हाच घोळ असतो.

प्रश्न : पहिल्या बाळंतपणाआधी आईने शाळा सोडली आणि धाकटा शाळेत जायला लागल्यावर पुन्हा धरली. मधल्या चौदा वर्षांचं काय लिहायचं? ‘संसारात रमली’ हे बरोबर वाटत नाही.

बरोबर नाहीच. शाळा का सोडली ते आधी तपासा. दुसऱ्या महायुद्धापर्यंत अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी लग्न झालेल्या बाईला शिक्षिका म्हणून ठेवत नसत, आणि गरोदर शिक्षिकेने वर्ग सोडायचा हा दंडक त्यानंतरही बराच काळ होता. आईने सोडली की तिला सोडावी लागली, हे तारखेवरून आणि शाळा समितीच्या इतिवृत्तावरून कळू शकतं. दोहोंची वाक्यं वेगळी होतात.

या चौदा वर्षांसाठी मुलांना एकत्र बसवू नका. चौघांना एकत्र बसवलं की थोरला बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. प्रत्येकाला वेगळं, तासाभराच्या आत आणि तेच सहा प्रश्न : सकाळी सगळ्यात आधी काय ऐकू यायचं? जेवणाच्या टेबलावर कोण कुठे बसायचं आणि प्रार्थना कोण म्हणायचं? प्रश्नोत्तरीचं पाठांतर घरी कोण आणि कधी घ्यायचं? आई कशावर रागवायची? पैशाची ओढाताण तुम्हाला कशावरून कळायची? ती एकटी असताना काय करायची? शेवटच्या प्रश्नाला चौघांची चार उत्तरं येतात. चारही छापा. मेळ घालायला गेलात तर खरं तेवढंच गळून जाईल.

लूथरन घरात शाळा आणि घर यांच्यामधली भिंत पातळ असते. लूथरने लहान प्रश्नोत्तरी लिहिली तीच मुळी घराच्या कर्त्याने घरातल्यांना शिकवावी म्हणून. प्रत्येक आज्ञेनंतर ‘याचा अर्थ काय?’ हा प्रश्न आणि पाठ करायचं छोटं उत्तर. आई हे घरी घेत असेल तर त्या चौदा वर्षांत तिने शिकवणं थांबवलं असं म्हणताच येत नाही. संडेस्कूल, सुट्टीतलं बायबल शिबिर, वेदीच्या वस्त्रांची निगा राखणारा महिलांचा गट, १९४२ साली स्थापन झालेली लूथरन विमेन्स मिशनरी लीग यांत तिचं नाव शोधा. लीगच्या बायका घरात ‘माइट बॉक्स’ नावाची लहान कागदी पेटी ठेवून सुटी नाणी टाकत आणि ती मिशनकार्याला देत. मंडळीच्या तळघरात गोधड्या शिवणारा गट असेल तर तेही लिहा. लूथरन वर्ल्ड रिलीफसाठी शिवलेली गोधडी साधारण ६० बाय ८० इंचांची असते, आणि आईने किती शिवल्या याची नोंद गटाच्या वहीत मिळू शकते.

प्रश्न : आम्ही भावंडं आईच्याच वर्गात होतो. हे लिहिणं बरं दिसेल का?

जरूर लिहा, पण भाबडं नको. वर्गात तिला काय म्हणून हाक मारायचा, घरी परतताना ‘बाई’ची ‘आई’ नेमकी कुठे व्हायची आणि आपल्या मुलांना ती जास्त कडक होती का, एवढ्या तीन गोष्टी पुरेत. शेवटची वर्गमित्रांना विचारा, तुम्हाला नव्हे.

प्रश्न : अंत्यविधीत कुटुंबाने आईबद्दल बोलायला पाळकांनी नकार दिला. आम्ही दुखावलो आहोत. हा नियम आहे की त्यांचा आडमुठेपणा?

नकार कोणत्या शब्दांत आला ते आम्हाला ठाऊक नाही, पण भूमिका जुनी आहे. लूथरन अंत्यविधी ही मुळात उपासना असते. शवपेटीवर पांढरं आच्छादन घालून बाप्तिस्म्याची आठवण केली जाते. मग स्तोत्र, शास्त्रपाठ, विश्वासांगीकार, उपदेश, प्रार्थना, प्रभूची प्रार्थना, शिमोनाचं गीत आणि आशीर्वाद. माणसाच्या पुण्याईचा पाढा वाचला तर ख्रिस्ताच्या कृपेवरचं लक्ष उडतं, असं मिसुरी आणि विस्कॉन्सिन सिनॉडचे बहुतेक पाळक मानतात. इव्हँजेलिकल लूथरन चर्च इन अमेरिकामध्ये आठवणींना उपासनेत जागा देणारे पाळक बरेच आहेत.

वाट यातूनही निघते. बहुतेक पाळक उपासना सुरू होण्याआधी संक्षिप्त जीवनवृत्त वाचतात किंवा पत्रिकेत छापतात. तो मजकूर ३५०-४०० शब्दांचा द्या, संथ वाचनाला तीन मिनिटं लागतील. जन्म, पालक, बाप्तिस्मा, दृढीकरण आणि त्याचं वचन, शिक्षण, कॉल, शाळा, लग्न, मुलं, मृत्यू या क्रमाने. त्याच्यावर लांबला तर पाळक जागेवरच कात्री लावतात आणि नेमका वर्गाचा भाग उडतो. भावंडांची भाषणं नंतरच्या जेवणाच्या वेळी सभागृहात ठेवा. तिथे माणसं मोकळी असतात, हसतातही. शिवाय उपदेश लिहिण्याआधी पाळकांना प्लॅन बुकमधलं एक पान दाखवा. चांगला पाळक त्याचा उपयोग करून घेतो.

प्रश्न : निधनवार्तेत काय छापू नये?

पूर्ण जन्मतारीख आणि आईचं माहेरचं आडनाव एकाच मजकुरात देऊ नका, मृताच्या नावाने खाती उघडणारे भामटे हेच शोधतात. वर्तमानपत्रात जन्मवर्ष पुरे, तारीख पुस्तिकेत येऊ द्या. घराचा पत्ता आणि विधीची वेळ एकत्र दिली तर घर कधी रिकामं असेल हे चोराला सांगितल्यासारखं होतं. नातवंडांची संख्या द्या, अल्पवयीन मुलांची पूर्ण नावं टाळा. जुन्या विद्यार्थ्यांचे गुण, शिक्षा, घरची परिस्थिती हे पन्नास वर्षांनीही त्यांचंच खासगी असतं. गंमत म्हणूनसुद्धा नावानिशी छापू नका. जावई-सुनांची नावं नवरा-बायकोच्या जोडीने आणि मुलं जन्मक्रमाने द्या. घटस्फोट, पुनर्विवाह, सावत्र मुलं असतील तर यादी छापायच्या आधी प्रत्येक शाखेतल्या एकाला वाचून दाखवा. पुस्तिकेवरून होणारी बहुतेक भांडणं या एका यादीवरून होतात.

प्रश्न : फोटो आणि छपाईबद्दल थोडं सांगा. सगळं घरच्या घरी करायचं आहे.

जुना लहान फोटो ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. तीन बाय दोन इंचांचा फोटो त्यात १,८०० बाय १,२०० पिक्सेलचा होतो आणि छपाईच्या ३०० डीपीआयला सहा बाय चार इंचांपर्यंत स्वच्छ येतो. त्याहून मोठा ताणला की चेहरे फुटतात. मोबाइलने टिपलेल्या फोटोत कडा वाकड्या येतात आणि चकाकी पडते. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा आणि नंतर कापा. फोटोमागे बॉलपेन चालवू नका, दाब पुढच्या बाजूला उमटतो; मऊ पेन्सिलीने कडेला लिहा. वर्गाच्या सामूहिक फोटोवर पारदर्शक कागद ठेवून प्रत्येक चेहऱ्याला क्रमांक द्या आणि तो कागद तीन-चार माजी विद्यार्थ्यांकडे फिरवा. दोघांनी तेच नाव सांगितलं तर घ्या.

अमेरिकन लेटर कागद, म्हणजे साडेआठ बाय अकरा इंच, मधोमध दुमडला की चार पानं होतात. म्हणून पुस्तिका आठ, बारा किंवा सोळा पानांचीच होते. तेरावं पान सुचलं की तीन कोरी पानं पदरात पडतात. अकरा पॉइंट अक्षरात पानावर साधारण २५० शब्द बसतात. १,२०० शब्दांना पाच पानं, फोटोंना चार, मुखपृष्ठ, कुटुंबाची यादी आणि मलपृष्ठ मिळून बारा. प्रती काढताना डोकी न मोजता घरं मोजा, वर शाळा, मंडळी आणि संग्रहालय यांच्यासाठी पाच प्रती ठेवा.

प्रश्न : एक बाळ जन्मतःच गेलं होतं. आई त्याबद्दल कधी बोलली नाही. यादीत घ्यावं?

हयात भावंडांना विचारून घ्यावं. नाव ठेवलेलं असेल तर नावानिशी, जन्मक्रमात. जीवाला धोका असेल तर लूथरन परंपरेत पाळक नसतानाही कोणताही ख्रिस्ती माणूस बाप्तिस्मा देऊ शकतो, आणि अशा तातडीच्या बाप्तिस्म्याची नोंद मंडळीच्या वहीत करतात. ती मिळाली तर तारीख द्या. आई गप्प का राहिली याचं स्पष्टीकरण लिहू नका.

प्रश्न : महाराष्ट्रातल्या नातेवाइकांसाठी मराठी आवृत्तीही काढायची आहे. काय सांभाळू?

नावापुढे ‘कै.’ लावू नका. मराठी ख्रिस्ती मंडळी ‘प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या’ असं लिहितात, तेच इथे शोभतं. पाळक, मंडळी, उपासना, दृढीकरण हे शब्द आपल्याकडचे ख्रिस्ती वाचक रोज वापरतात आणि इतरांना संदर्भाने कळतात. ‘कॉल’, ‘सिनॉड’, ‘चॅपेल’ तसेच ठेवा आणि पहिल्यांदा येतील तिथे अर्ध्या वाक्यात उलगडा करा. इयत्तांचं मात्र भान ठेवा : लूथरन प्राथमिक शाळा बहुधा आठवीपर्यंत असते, आपल्या ‘प्राथमिक’पेक्षा लांब. ‘प्राथमिक शिक्षिका’ एवढंच लिहिलं तर त्या तेरा वर्षांच्या मुलांनाही शिकवत हे हरवतं.

प्रश्न : फुलांऐवजी शाळेला देणगी द्यावी असं आवाहन करायचं आहे. कसं लिहावं?

आधी शाळेच्या कार्यालयात विचारा की धनादेश कोणाच्या नावे काढायचा. पुष्कळ लूथरन शाळांचं स्वतंत्र खातं नसतं, पैसे मंडळीच्या नावे जातात. धनादेशावर बाईंचं नाव आणि ‘शाळा’ असं लिहिलं नसेल तर रक्कम मंडळीच्या सर्वसाधारण निधीत मिसळते आणि वेगळी काढता येत नाही. मग ठरवा की पैसे यंदाच खर्चायचे की मुद्दल ठेवून व्याजातून शिष्यवृत्ती द्यायची. लहान रकमेच्या व्याजात एका मुलाची वह्या-पुस्तकंही येत नाहीत, तेव्हा एखाद्या गरजू मुलाची फी किंवा वाचनालयाची पुस्तकं हा सरळ मार्ग बरा. मुद्दल ठेवणारच असाल तर मंडळीशी लेखी करार करा आणि त्यात एक कलम घाला : शाळा बंद झाली तर उरलेली रक्कम कोणत्या शाळेला किंवा शिक्षक घडवणाऱ्या कोणत्या महाविद्यालयाला जाईल. हे कलम नसेल तर तो निर्णय शाळा बंद करणाऱ्या सभेच्या हाती जातो, आणि त्या सभेपुढे छपराची गळती आणि थकलेले पगार असे दुसरेच विषय असतात.